येळवशीचा वरण-भात

मला ज्यांनी मदत केली त्यांचं नाव आधी लिहिते. गुडघेसाहेब. खरं नाव वेगळं होतं, पण उमरग्यात त्या नावानं विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. मी आज हैदराबादला एका मोठ्या दवाखान्यात, व्यायाम देऊन हातपाय बरे करतात त्या विभागात मदतनीस आहे. नववीत शाळा सोडलेल्या बाईला असलं काम कुणी देत नाही. मला मिळालं ते साहेबांच्या एका फोनवर. आणि तो फोन त्यांनी केला तेव्हा त्यांना माझ्याबद्दल जे कळलेलं होतं, ते कळल्यावर दुसऱ्या कुणी मला दारात उभं केलं नसतं. हे आधी लिहिलं म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल असं वाटतं.

उमरग्यात हायवेला लागून एक टायरवाला होता. त्याच्या दुकानामागं साहेबांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लाकडी बाकडं, लोखंडी वजनकाटा, बसल्या जागी पायडल मारायची चाकं काढलेली सायकल, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या जुन्या चपला. जोड नाहीत, एकेकच. प्रत्येकीला दोऱ्यानं दुखण्याची चिठ्ठी बांधलेली. नवीन माणूस आला की साहेब "बसा" म्हणायच्या आधी म्हणायचे, "चप्पल उलटी करा."

उलटी चप्पल पडली की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडं म्हणतात. मी जिच्याकडं राहायची ती माझी आत्या म्हणायची, "त्या घरात भांडाय दुसरं माणूसच न्हाई, म्हणून चाललंय." साहेब एकटेच होते. पूर्वी कुठल्याशा मोठ्या कॉलेजात खेळाडूंच्या दुखापतींवर शिकवायचे. ते सोडून परत का आलात, असं टायरवाल्यानं विचारलं तर म्हणाले होते, "तिथं सगळा अभ्यास बुटातल्या पायाचा. भाकरी खाऊन, दिवसभर रानात राबून, संध्याकाळी अनवाणी दहा किलोमीटर पळणाऱ्या पायाची कुणी चौकशीच केली न्हाई. ती करावी म्हणलं."

एकदा मंगळवारी देवीच्या देवळापुढं लोकांनी त्यांना धरलं होतं. भाविकांच्या चपलांच्या ढिगात बसून हे एकेक चप्पल उचलून तळ कुठं झिजलाय ते बघत होते. "चप्पलचोर! धरा रे!" म्हणून कुणीतरी गचांडी धरली. ज्याची चप्पल हातात होती तो पहिलवानासारखा गडी पुढं आला आणि हात उगारला. साहेब त्याला शांतपणे म्हणाले, "तुमचा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. चढताना न्हाई."

गड्याचा हात तसाच वर राहिला. "व्हय की! पर तुमाला कुणी सांगितलं?"

मग भांडण बाजूलाच राहिलं. पुढचा तासभर देवळापुढं दर्शनाच्या रांगेपेक्षा लांब रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक माणूस हातात स्वतःची चप्पल धरून उभा होता. हे मला टायरवाल्यानं सांगितलं. तो थोडं वाढवून सांगतो, पण थोडंच.

माणसांची नावं आणि तोंडं साहेबांच्या लक्षात राहायची नाहीत. दुखण्यानं ओळखायचे. "काय म्हणते टाच?" असं ते भर बाजारात एखाद्या थोराड माणसाला विचारायचे आणि तो माणूस लाजून "बरी हाय साहेब" म्हणायचा. मी होते 'डावी नळी', म्हणजे डाव्या पायाची नडगी. परवीन होती 'उजवी नळी'. परवीनचं पुढं येईल. आलंच पाहिजे.

मी पळत होते. बेंबळीच्या पुढं आमचं गाव. नववीत नापास झाले आणि परत शाळेत गेले नाही. पण यात्रेतल्या पळण्याच्या शर्यतीत पहिली आले, मग आणखी दोन ठिकाणी आले, आणि बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला उमरग्याला आत्याकडं ठेवलं. हायवेच्या कडेनं पहाटे पळणाऱ्या पोरापोरींचा एक घोळका होता. त्यांच्यामागं सायकलवर साहेब.

त्यांचं एक खूळ सगळ्या हायवेला माहीत होतं. पळताना पाढे म्हणायला लावायचे. "सतराचा!" असं मागनं ओरडले की पळता पळता सतराचा सुरू. जिथं दम लागून पाढा तुटला तिथं वेग कमी करायचा. "ज्याला पळताना बोलता येत न्हाई तो पळत न्हाई, पळवला जातोय," म्हणायचे. हळू पळूनच लांबचा दम तयार होतो, हे त्यांचं ठाम मत. ट्रकवाले काच खाली करून बघायचे. एकदा एकानं विचारलं, "ही कुठली शाळा म्हणायची, मास्तर?" साहेब म्हणाले, "बिनभिंतीची. या, बसा."

मला बारापर्यंतच पाढे यायचे. तेरापासून एकोणतीसपर्यंतचे मी हायवेवर शिकले. शाळेत मास्तरांनी छडी मारून जे झालं नाही ते तिथं झालं, कारण पाढा येत नसला की साहेब समजायचे मी दमले, आणि चालायला लावायचे. चालायची लाज वाटायची म्हणून पाठ केले. आज दवाखान्यात कुणाचं वजन, मिनिटं, फेऱ्या यांचा हिशोब करताना तोंडातल्या तोंडात पाढा येतो आणि पाय आपोआप हलायला लागतात.

आता वह्यांचं.

आमच्यापैकी ज्याच्या ज्याच्या नडगीचं हाड पळून पळून दुखायला लागलं, त्याला साहेब एक वही द्यायचे. त्यांचा अभ्यास तोच होता. लांब पळणाऱ्याची नळी कशानं दुखते आणि कशानं लवकर भरून येते. रोज सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना किती दुखलं ते लिहायचं, शून्य ते दहा. "शून्य म्हंजे आपल्याला पाय हाय हेच आठवत न्हाई. दहा म्हंजे आईला हाक मारावी लागते." मग किती चाललो, कुठला व्यायाम केला, काय जेवलो, किती झोपलो. पोरींच्या वहीत प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला. पाळी आली त्या दिवशी त्यात लाल ठिपका द्यायचा. लिहायचं काही नाही, बोलायचं काही नाही. हे सांगताना साहेब भिंतीवरच्या चपलांकडं बघत होते.

भरलेल्या वह्या ते तांबड्या फडक्यात बांधून फळीवर ठेवायचे. हात धुतल्याशिवाय फडकं सोडायचे नाहीत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं पोथी आहे. माझी धरून तशा एकोणीस वह्या झाल्या, कितीतरी वर्षांच्या. आणि माझ्या मते साहेबांच्यातला सगळ्यात मोठा वेडेपणा चपलांचा नव्हता, हा होता. चपलेवरनं गुडघा ओळखणारा माणूस, पण वहीत लिहिलेलं असलं की स्वतःच्या डोळ्यांवर सुद्धा विश्वास ठेवायचा नाही. "मला दिसतं ते माझं," म्हणायचे, "दुखणं ज्याचं त्याचं. त्यानं लिहिलं ते खरं."

दिवाळीनंतर माझी डावी नळी दुखायला लागली. साहेबांनी अंगठा वरनं खाली फिरवत आणला आणि एका जागी थांबले. मी ओरडले. "एवढ्याशा जागेत दुखायलंय म्हंजे हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते," म्हणाले. फोटो काढायला लावला. चीर होती. आठ आठवडे पळणं बंद, त्यांनी दिलेला व्यायाम, मग चालणं आणि पळणं आलटून पालटून, आणि शर्यत होळीनंतर.

"सव्वीस जानेवारीची जिल्ह्याची शर्यत हाय साहेब," मी म्हणाले.

"ते तुला म्हाईत हाय. हाडाला कॅलेंडर समजत न्हाई."

पण बापूंना कॅलेंडर समजत होतं. ते मला सोडायला आले तेव्हाच म्हणाले होते, "सव्वीस जानेवारीला नंबर आला तर अजून एक वर्ष ऱ्हा. न्हाईतर पाव्हणे बघायला येतील." ते रागानं नव्हते म्हणाले. पोरीचं एक काहीतरी नक्की व्हावं एवढंच त्यांचं म्हणणं. मला मात्र रात्रंदिवस एकच दिसायचं, स्टीलच्या ताटात पोह्याच्या बशा आणि समोर बसलेले पाव्हणे.

तीन आठवडे मी सांगितलं तसं केलं. चौथ्या आठवड्यात साहेब पोरांना घेऊन गेले की मी उलट्या बाजूनं, शेताच्या वाटेनं, हळूच पळायला लागले. दुखायचं. पळताना कमी, सकाळी उठल्यावर जास्त. वहीत खरं लिहिलं तर पळणं उघडं पडणार, आणि खोटं लिहायला हात धजेना. म्हणून लिहिलंच नाही. बावीस दिवस वही कोरी राहिली.

त्या बावीस दिवसांत येळवस आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचा सगळा मुलूख रानात जेवायला जातो. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील, खीर. भज्जी म्हणजे ओल्या शेंगदाण्यांपासून पालेभाज्यांपर्यंत सगळं एकत्र शिजवलेलं. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही आणि उमरग्याच्या बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले ओढून नेतात. बापूंनी साहेबांना आग्रहानं बोलावलं. साहेब दोन गाड्या बदलून आले, बांधावर चप्पल काढली आणि अनवाणी आमच्या ज्वारीत शिरले. खाऊन पिऊन तृप्त झाले. आमच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांचे पाय बघून घेतले. आजोबांना म्हणाले, "तुमच्या पायाला बक्षीस द्याय पायजे." आजोबा म्हणाले, "बक्षीस ऱ्हाऊ द्या, आंबील घ्या."

मी आंबिलीचा डेरा घेऊन कोपीकडं येत होते. साहेब बघत होते.

"लंगडायलीस का गं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बापूसुद्धा. मी म्हणाले, "काटा मोडलाय."

"बस खाली. पिन आणा कुणीतरी."

आईनं बांगडीतली पिन काढून दिली. साहेबांनी माझा पाय मांडीवर घेतला. मोठा माणूस, माझ्या बापापेक्षा थोर, त्यानं सगळ्यांदेखत माझा चिखलाचा पाय धोतरावर घेतला आणि तळव्यावर पिन फिरवत बसला. काटा नव्हताच. मी आभाळाकडं बघत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "निघाला," आणि चिमटीतलं काहीतरी बांधापलीकडं टाकलं. बापू हसले, आई म्हणाली, "एवढ्याशा काट्याला किती कण्हती!" आणि पंगत पुढं सुरू झाली.

मला तेव्हा वाटलं, तळव्यात खरंच एखादं कुसळ असेल.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी वही मागितली. आदल्या दुपारी आत्याच्या ओट्यावर बसून मी बावीस दिवस भरून काढले. एकच शाई दिसू नये म्हणून आत्याच्या लेकीच्या कंपासातनं तीन पेनं घेतली. दुखणं दोन, दोन, एक, एक, मग शून्य, शून्य, शून्य. जेवणाच्या रकान्यात वरून खाली एकच गोष्ट उतरवत गेले, सकाळी भाकरी-भाजी, दुपारी वरण-भात. आणि वरच्या चौकोनात, बरोबर तीस दिवस मोजून, लाल ठिपका.

त्या ठिपक्यांकडं नंतर येते.

साहेबांनी रकाना वाचला, शून्यांवर बोट फिरवलं, मग माझी नळी दाबली. जोरात. मी गालाचा आतला भाग दातात धरला आणि हसून म्हणाले, "साहेब, गुदगुल्या होतात."

त्यांनी पहिल्या पानापासून तारखा परत मोजल्या. "सहा आठवड्यांत," म्हणाले. "हाडानं कॅलेंडर वाचलं म्हणायचं!" आणि लहान पोरासारखे हसले. बाकीच्यांच्या वह्यांत खाडे होते, कुठं आठ दिवस कोरे, कुठं डाग. माझी एकही दिवस न चुकता भरलेली. त्यांनी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या वहीत त्यांना सापडलं होतं. हा व्यायाम केला तर नळी आठऐवजी सहा आठवड्यांत भरते.

सव्वीस जानेवारीला मी पळाले. तिसरी आले. शेवटचा किलोमीटर कसा गेला मला आठवत नाही. साहेब दोरीपलीकडं दोन्ही हात वर करून ओरडत होते, "डावी नळी! डावी नळी!" लोकांना वाटत होतं हे कुठल्या तालुक्याचं नाव आहे. माझं हाड मोडलं नाही. का मोडलं नाही ते देवाला माहीत. मोडायला पाहिजे होतं.

परवीनचे अब्बा बाजारात शिलाईचं दुकान चालवायचे. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, बारावी झालेली, पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेसाठी पळणारी. आमची मैत्री म्हणजे ती मला वाचायला जुने पेपर द्यायची आणि मी तिला पाढे. जानेवारीत तिची उजवी नळी दुखायला लागली. भरतीचं मैदान मार्चमध्ये. साहेबांनी तिला आठ नाही, सहाच आठवडे सांगितले. माझ्या वहीवरनं.

पाचव्या आठवड्यात ती टायरवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "सच बता गं. तुला या आठवड्यात सकाळी दुखायचं का? मला अजून तीन-चार तरी लिहावं लागायलंय."

टायरवाल्याची हवा भरायची मशीन सुरू होती. मी ती बंद व्हायची वाट बघितली. बंद झाली. तरी मी म्हणाले, "न्हाई बा. मला शून्यच व्हतं."

"मग मीच नाजूक हाय बहुतेक," ती हसली. "अम्मी म्हणतीच, तू लाडाची हाईस."

त्या दिवसापासून तिनं वहीत एक लिहायला सुरुवात केली. हे मला तिनंच नंतर सांगितलं. माझ्या शून्याची लाज वाटून तिनं आपले तीन-चार पुसले.

भरतीच्या आठ दिवस आधी सरावात तिचं हाड मोडलं. मी दहा पावलं मागं होते. आवाज आला. तो आवाज मी कुणाला सांगत नाही.

साहेब तिच्या घरी गेले तेव्हा मी तिथं होते, परवीनच्या उशाशी, पाण्याचा तांब्या घेऊन. साहेब खुर्चीवर बसले नाहीत. जमिनीवर बसले आणि तिच्या अब्बांपुढं हात जोडले. "आठवडे मी मोजले. चूक माझी हाय."

अब्बा गडबडून गेले. "डॉक्टरसाब, हात कशाला जोडताव? नसीब है बच्ची का. पानी पियो."

"नसीब न्हाई. आठ सांगायला पायजे व्हते, सहा सांगितले."

त्यांनी मला पाणी मागितलं. मी दिलं. तांब्या देताना मला बोलता आलं असतं. साहेबांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला, तेव्हाही बोलता आलं असतं.

त्यानंतर साहेब आठ दिवस पोरांच्या मागं आले नाहीत. टायरवाला म्हणाला, दार लावून वह्या वाचत बसलेत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, प्रत्येक रकाना. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

बाकड्यावर तांबडं फडकं पसरलेलं, त्यावर एकटी माझी वही. साहेबांनी एक पान उघडून माझ्यापुढं केलं.

"तारीख वाच."

मी वाचली.

"ह्या दिवशी काय व्हतं?"

मला कळेना. मग कळलं.

"येळवस," मी म्हणाले.

"जेवणाचा रकाना वाच."

"वरण-भात."

"अख्ख्या जिल्ह्यात त्या दिवशी कुणाच्या चुलीवर वरण-भात शिजला असंल तर मला दाखव. मी तुझ्याच रानात जेवलो. तुझ्या आईनं मला तीनदा भज्जी वाढली." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी काटा नव्हता. मला म्हाईत व्हतं."

"मग निघाला का म्हणलाव, साहेब?"

"तुझे बापू बघत व्हते." वही मिटली आणि म्हणाले, "मला वाटलं, चारचौघांत लपवायलीस, ठीक हाय. वहीत लिहिशील."

मी रडायला लागले. पाव्हण्यांचं सांगितलं, सव्वीस जानेवारीचं सांगितलं, शेताच्या वाटेनं पळत होते ते सांगितलं, परवीनला काय बोलले आणि तिनं तीनाचं एक कसं केलं ते सांगितलं. ते ऐकत होते आणि माझ्या पायांकडं बघत होते. शेवटी विचारलं, "ह्या वहीत अजून काय खोटं हाय का?"

मी म्हणाले, "न्हाई."

त्यांनी माझी वही बाकीच्या अठरांवर ठेवली आणि गाठ मारली. ह्या वह्यांवरचा त्यांचा लेख कुठंतरी छापायला घेतला होता. तो छापू नका म्हणून त्यांनी कळवून टाकलं. मी म्हणाले, "साहेब, माझी एक काढून टाका. बाकीच्या खऱ्या हाईत." ते म्हणाले, "परवीननं तीनाचं एक केलं ते मला तुझ्याकडनं कळलं. अजून कुणी काय केलं ते मला कोण सांगणार? लोकांना भीती वाटंल अशी वही मी केली. वहीतच खोट हाय." वर्षानुवर्षांचं गाठोडं त्यांनी फळीवरनं काढलं आणि पलंगाखाली सरकवलं.

मला वाटलं होतं आता ते मला उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. चार दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला. हैदराबादला त्यांचा जुना विद्यार्थी होता, त्याच्याशी बोलले होते.

"मला?" मी म्हणाले. "माझ्यामुळं एवढं झालं, आणि मला?"

"तुला दुखणं लपवता येतं," साहेब म्हणाले. "मी एवढ्या जोरात दाबलं आणि तू हसलीस. असलं माणूस मी दुसरं बघितलं न्हाई. म्हंजे दुसऱ्या कुणी लपवलेलं तुला दिसंल. मला दिसलं न्हाई. जा."

बापूंशी तेच बोलले. काय बोलले मला माहीत नाही. पाव्हणे आले नाहीत.

साहेबांचं खरं निघालं. इथं माणसं येतात, "आता कायच दुखत नाही" म्हणतात, आणि माझी नजर त्यांच्या गालावर जाते, आतनं दात लागलेत का बघायला. कुणाला नोकरीवर परत जायचं असतं, कुणाला लेकीच्या लग्नात नाचायचं असतं. मी त्यांना रागवत नाही. कानाशी जाऊन म्हणते, खरं किती? बहुतेक जण सांगतात. इथले डॉक्टर म्हणतात, हिला बरोबर कळतं. मला शाबासकी मिळाली की खाली बघावं लागतं.

आता ठिपके.

गेल्या पावसाळ्यात इथं एक पळणारी मुलगी आली. माझ्यासारखीच, नळीला चीर. डॉक्टरांनी तिला विचारलं, जेवतेस किती आणि पाळी नीट येते का. मग समजावून सांगितलं, खूप पळायचं आणि पुरेसं खायचं नाही, असं चाललं की बाईची पाळी थांबू शकते, आणि ती थांबली की हाडं आतनं कमजोर होतात. मी शेजारी व्यायामाचा पट्टा घेऊन उभी होते. तिथंच बोटांवर महिने मोजायला लागले.

उमरग्यात असताना मला आठ महिने पाळी आली नव्हती. आत्याच्या घरी दुसरी भाकरी मागायची लाज वाटायची, आणि हलकं अंग जोरात पळतं असं कुणीतरी सांगितलं होतं. पाळी नाही आली तर मला बरंच वाटलं, कटकट गेली म्हणून. पण कोपऱ्यातला चौकोन कोरा ठेवायची भीती वाटली. बिनलग्नाची पोर, कोरा चौकोन, कुणी बघितलं तर काय समजेल? म्हणून तीस-तीस दिवस मोजून ठिपके दिले. साहेब तेच शोधत होते. चपलांकडं बघत, लाजत, त्यांनी तो चौकोन त्यासाठीच आखला होता. माझी नळी कशानं दुखली त्याचं उत्तर त्या चौकोनात होतं, आणि मी तिथं लाल शाई लावली. त्यांनी सरळ विचारलं तेव्हाही "न्हाई" म्हणाले. शून्यांचं खोटं त्यांनी पकडलं. हे अजून त्यांना माहीत नाही.

परवीनचं हाड जुळलं. ते वर्ष मात्र गेलं, आणि पुढं घरच्यांनी तिला मैदानावर पाठवलं नाही. ती अब्बांच्या दुकानात बसते. टायरवाला फोनवर सांगतो की साहेबांनी पुन्हा वह्या वाटायला सुरुवात केलीय. आता म्हणे पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून देतात, 'काही चुकलं तर इथं लिही, कुणाला सांगणार नाही.' चपलांच्या चिठ्ठ्यांची अक्षरं मोठी काढतात, डोळे अधू झालेत.

साहेब, मी इथं आल्यापासून एक वही लिहिते. तुमच्याच वहीसारखी आखलेली. नळी अजून थंडीत दोन दुखते, ते दोन लिहिलंय. जेवण काय केलं ते लिहिलंय. कोपऱ्यातले चौकोन पहिले तीन महिने कोरे आहेत, मग ठिपके आहेत, नेम नसलेले, पण खरे. शेवटच्या पानावर जुन्या वहीतल्या खोट्या ठिपक्यांच्या तारखा परत तीस-तीस दिवस मोजून एकेक करून उतरवल्यात, म्हणजे तुम्हाला पलंगाखालचं गाठोडं सोडून शोधत बसावं लागू नये. येत्या येळवशीला मी रजा घेतलीय. आधी परवीनच्या दुकानाच्या पायरीवर बसणार आहे, तिला सगळं सांगायला. ती काय म्हणेल ते म्हणेल. मग तुम्हाला गाडीत घालून आमच्या रानात नेणार आहे. तुमचं माझ्यावर जे आहे ते एका वहीनं फिटणार नाही हे मला कळतं. पण फेडायला सुरुवात तिथनं करीन. सगळ्यांदेखत, बापूंदेखत, वही तुमच्या हातात देईन, आणि तुम्ही म्हणायच्या आधी चप्पल उलटी करून पुढं ठेवीन.